पहिली गिटार घ्यायला जाताना तीन कार्डं सोबत ठेवा

ओळखीत कुणी गिटार शिकायचं ठरवलं की मला पहिला मेसेज ब्रँडचाच येतो. अमुक चांगली का तमुक, काळी घेऊ का लाकडी रंगाची, ३८ इंची का ४१ इंची. मी दर वेळी उलट विचारते, तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे जिथे बोटांनी तारा दाबतात त्या मानेवरच्या पट्टीपासून, किती उंच आहेत ते बघितलंस का? पलीकडून थोडा वेळ काहीच येत नाही, कारण असं काही बघायचं असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं, दुकानदार सांगत नाही, ऑनलाइन घेताना ते कुठे लिहिलेलं नसतं, आणि नवीन माणसाची गिटार हातात राहणार का कपाटावर जाणार हे बऱ्याचदा त्या दोन-तीन मिलिमीटरवर ठरतं.

माझी स्वतःची पहिली गिटार मी कॉलेजात असताना घेतली, शिकवण्यांचे पैसे साठवून. तिच्या तारा इतक्या उंच होत्या की महिनाभर रोज बसूनही साधा सी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर, स्वच्छ वाजेना. दुकानदार म्हणाला, सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं, सवय होईल. ते अर्धं खरं होतं म्हणून जास्त त्रास झाला. दुखतं सगळ्यांनाच, पण माझं दुखणं सवयीने जाणारं नव्हतं, आणि हे मला कळायला दोन वर्षं गेली. तोपर्यंत मी मनात धरूनच बसले होते की आपल्या हातात हे नाही. असं वाटून सोडून दिलेली कितीतरी माणसं मला माहितीयत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात काहीच वाईट नव्हतं.

तर आधी हे यंत्र काय आहे ते बघू. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की सगळ्या मिळून साधारण ७० किलोच्या जोराने ओढत असतात. म्हणजे एक मोठा माणूस चोवीस तास तिला लटकलेला आहे असं समजा. आणि हा जोर पेलायला काय, तर एक बारीकशी मान आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची पुढची फळी. लाकूड हळूहळू वाकतं. मान पुढे येते, घोडीमागची (पोटावर जिथे तारा अडकवलेल्या असतात ती घोडी) फळी फुगते, आणि दोन्हींचा परिणाम एकच, तारा वर उचलल्या जातात. दुकानात सहा-आठ महिने भिंतीवर टांगून राहिलेली नवीकोरी गिटारसुद्धा यातून सुटत नाही.

आता तार दाबताना काय होतं. बोटाने तार लाकडाला टेकवायची नसते, फक्त धातूच्या पडद्याला टेकली की झालं. हो, पडदाच, सतारीला असतात तेच पडदे, गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात, आणि दोन फ्रेटमधली जागा म्हणजे घर. तार जितकी उंच तितकं तिला खाली आणायला जास्त ताणावं लागतं, म्हणजे बोट जास्त दुखणार, आणि ताणलेल्या तारेचा सूर चढतो, म्हणजे ट्युनरवर सहाही तारा बिनचूक लावून घेतल्या तरी कॉर्ड धरला की काहीतरी बेसूर वाटत राहणार. नवीन माणसाला वाटतं माझा कान कच्चा आहे. कान बरोबर सांगत असतो.

ही उंची मोजायला काही साहित्य लागत नाही. बँकेचं एटीएम कार्ड जगात कुठलंही घ्या, जाडी ०.७६ मिमी असते. तीन कार्डं एकावर एक ठेवली की झाले साधारण २.३ मिमी. ज्यावर आकडे उठावदार आहेत ती नको, सपाट घ्या, लायसन्सचं स्मार्टकार्डही चालतं. गिटार आधी नीट सुरात लावून घ्यायची, ढिल्या तारांवर मोजलेल्या मापाला अर्थ नाही. मग नटकडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, मोजत १२ व्या फ्रेटवर यायचं, तिथे बहुतेक गिटारींवर दोन ठिपके असतात, आणि त्या फ्रेटच्या धातूवर तीन कार्डांची चळत सगळ्यात जाड तारेखाली हळूच सरकवायची. चळत तारेला जेमतेम लागतेय, तार उचलली जात नाहीये, तर उंची छान. चार कार्डं आरामात आत जात असतील तर तार तीन मिलिमीटरच्या वर आहे आणि नवीन बोटांना ती नको. सगळ्यात बारीक तारेखाली दोन कार्डं जेमतेम बसली पाहिजेत. हे माप स्टीलच्या तारांचं. नायलॉनच्या गिटारीत तार दोन्हीकडे थोडी जास्त उंच असते आणि ते चालतं, कारण ती तार मऊ असते.

चार कार्डं जात असतील तर लगेच गिटार परत ठेवू नका, घोडीकडे बघा. घोडीवर एक पांढरी पट्टी खोचलेली असते, सॅडल, तारा तिच्यावरून जातात. ही पट्टी काढून खालून घासली की तारा खाली येतात. हिशोब सरळ आहे, १२ वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. म्हणून सॅडल घोडीच्या लाकडाच्या वर किती दिसतेय ते बघायचं. तीन-चार मिलिमीटर दिसत असेल तर घासायला जागा आहे, काम होईल. पण सॅडल आधीच लाकडात बुडालेली आहे आणि तरी तारा उंचच, तर मानेचा कोन चुकलाय किंवा फळी फुगलीय, आणि ते दुरुस्त करायचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षा जास्त जातो. ती गिटार कितीही सुंदर असो, घेऊ नका.

दुसरं टोक म्हणजे नट, खुंट्यांच्या अलीकडची खाचा असलेली पांढरी पट्टी. याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त माणसं इथेच हरतात. नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर असतं जेमतेम ३६ मिमी. एवढ्याशा अंतरात तार वाकवायची, त्यात नटच्या खाचा उथळ म्हणजे तार तिथेच उंच, मग ती लोखंडी सळईसारखी वागते. १२ व्या फ्रेटवर माप अगदी बरोबर येईल आणि तरी पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड काही केल्या लागणार नाही.

माझ्या भाचीचं हेच झालं होतं. सांगलीला ताईकडे गेले तेव्हा ती एफ कॉर्डवर अडकलेली, तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या असतात, आणि ती मला हात पुढे करून दाखवत होती, मावशी माझी बोटंच छोटी आहेत गं. मी तिच्या गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, आणि म्हटलं आता तोच आकार एक घर पुढे धर. धरला. सहाच्या सहा तारा वाजल्या. तिने गिटारकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत धरून बघितला. बोटं तीच होती ना. कॅपो लावल्यावर तारा नटवरून न येता फ्रेटवरून येतात, म्हणजे कॅपोने सोपं झालं याचा अर्थ नट उंच आहे, याच्याहून सोपी टेस्ट मला माहिती नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती गिटार घेऊन मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत. गिटार हे काही त्यांचं रोजचं वाद्य नाही, पण ज्या काकांकडे गेलो त्यांना खाच म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते डोळा जवळ नेऊन बघितलं. जाड कागद सहज आत जात होता. मग एकेक तार बाजूला सरकवायची, बारीक कानस दोनदा फिरवायची, तार परत खाचेत, परत दाबून बघायचं. एका तारेला पाचेक मिनिटं. शेवटी फट इतकीच उरली की तारेवर वरून टिचकी मारली तरच ती आहे हे कळावं. जास्त घासलं तर मोकळी तारच पडद्याला लागून झणझणते आणि नट बदलावा लागतो, म्हणून हे घरी करू नका, सरावाच्या हातानेच करून घ्या.

झणझणण्याबद्दल थोडं. तानपुऱ्यात आपण रुंद घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून मुद्दाम जवारी काढतो, तो झंकार हाच तानपुऱ्याचा जीव. गिटारमध्ये उलट, सॅडल अरुंद असते, तार एका धारेवरून स्वच्छ सुटायला हवी, झणझण आली तर तार कुठेतरी नको तिथे लागतेय. म्हणून दुकानात गाणं वाजवता येत नसलं तरी एक काम नक्की करा. प्रत्येक तार, पहिल्या फ्रेटपासून १२ व्या फ्रेटपर्यंत, एकेक घर दाबून मध्यम जोराने छेडा. सहा तारा गुणिले बारा घरं, ७२ सूर, पाच-सात मिनिटं लागतात. कुठे सूर मरतोय, कुठे खरखरतोय, कुठे शेजारच्या घराचाच सूर परत येतोय, सगळं कळतं. कुणी घाई केली तर करू द्या, पैसे तुमचे आहेत.

मान सरळ आहे का ते बघायला सुतार फळी बघतो तसं करायचं, एक डोळा मिटून खुंट्यांच्या बाजूने घोडीकडे बघायचं. पिळलेली मान लगेच दिसते, पिळलेली असेल तर विषय संपला. थोडीशी आत वाकलेली मात्र असायलाच हवी, कारण तार मधोमध जास्त हलते, तिला तेवढी जागा लागते. जाड तार पहिल्या आणि १४ व्या फ्रेटवर एकदम दाबा, सातव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसली की बरोबर. फार जास्त असेल तर मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती अॅलन कीने पाव-पाव वळण फिरवून वाक कमी-जास्त करता येतो. अगदी स्वस्त गिटार्समध्ये ही सळई नसते किंवा असते पण फिरत नाही. साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, किंवा खुंट्यांजवळच्या झाकणाखाली तिचं तोंड दिसतंय का ते बघा, दिसत नसेल तर विचारा, आणि नाहीच असं कळलं तर स्टीलच्या तारांची ती गिटार नको. आपल्या हवेत वर्षभरात मान हलणारच, मग ती सरळ करायला काही साधनच उरत नाही.

ट्युनर अॅप फोनवर फुकट मिळतं, त्याने अजून एक गोष्ट कळते. मोकळी तार लावा, मग तीच १२ व्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकातला यायला हवा. दोन शेजारच्या स्वरांमधलं अंतर ट्युनर १०० सेंट धरतो, चार-पाच सेंटचा फरक चालतो, पंधरा-वीस दिसला तर ती गिटार वर गेली की बेसूर होणार.

आता आकार. दुकानात ३८, ४०, ४१ इंची असं विचारतात ते डोक्यापासून बुडापर्यंतच्या पूर्ण लांबीचं माप आहे, त्यावरून मांडीवर ती कशी बसेल हे काहीच कळत नाही. महत्त्वाची आहे पोटाची रुंदी आणि खोली. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा मोठा चौकोनी आकार म्हणजे ड्रेडनॉट. १९०६ साली इंग्लंडने त्या नावाची प्रचंड युद्धनौका पाण्यात उतरवली, आणि अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी नेहमीपेक्षा मोठी गिटार बनवली तेव्हा तिला त्या नौकेचं नाव मिळालं. आवाज भरदार, खर्जात वजन, ताल धरून स्ट्रमिंग करायला मस्त. पण उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर ड्रेडनॉटवरून उजवा हात आणताना खांदा वर उचलला जातो, अर्ध्या तासात मान आखडते, आणि माणूस म्हणतो गिटार वाजवून मला पाठीचा त्रास होतो. कॉन्सर्ट किंवा ओएम आकार घेऊन बघा, कंबर बारीक, पोट कमी खोल. हे बसूनच कळतं, म्हणून दुकानात उभ्याने नको, स्टूल मागा, दहा मिनिटं मांडीवर ठेवा, खांदा कुठे जातोय याकडे लक्ष द्या.

आकारासोबत तारेची लांबीही बदलते, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची. यामाहाची एफजी ८०० ही मोठ्या पोटाची, तिच्यात ती ६५० मिमी, आणि तिचीच धाकटी बहीण एफएस ८०० मध्ये ६३४ मिमी. सोळा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तार तोकडी असली की त्याच सुराला ताण कमी लागतो आणि घरंही किंचित जवळ येतात. हात लहान असेल तर हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. सात-आठ वर्षांच्या पोराला मात्र पूर्ण मापाची घेऊच नका, वाढेल तशी वापरेल म्हणून, चपला घेतो का आपण अशा? त्याच्यासाठी अर्ध्या आणि पाऊण मापाच्या गिटार्स मिळतात.

स्टील का नायलॉन हा प्रश्न लोक बोटांच्या दुखण्यावरून सोडवतात, मी म्हणेन गाण्यावरून सोडवा. नायलॉनचा ताण जवळजवळ निम्मा, बोटांना नक्कीच मऊ. पण नायलॉनच्या क्लासिकल गिटारची मान रुंद असते, नटपाशी साधारण ५२ मिमी, स्टीलवाल्यांची ४३ च्या आसपास. छोट्या हाताला मऊ तार मिळाली पण पल्ला लांबला. आणि आवाज वेगळा, गोल, लवकर विरणारा, बोटांनी एकेक सूर काढायला बनलेला. तुम्हाला मित्रांमध्ये बसून फिल्मी गाणी, भावगीतं म्हणत कॉर्ड वाजवायचे असतील तर तुमच्या कानात जो आवाज आहे तो स्टीलचाच आहे, नायलॉन घेतलीत तर दोन महिन्यांत वाटेल हे तसं का वाजत नाही. फक्त एक गोष्ट कधीच करू नका, दुखतंय म्हणून स्टीलच्या गिटारला नायलॉनच्या तारा किंवा मऊ वाटावी म्हणून क्लासिकलला स्टीलच्या. दुसरं तर फारच वाईट, तिची फळी तो ताण पेलायला बनलेलीच नसते, घोडी उपटून हातात येते.

लाकडाच्या बाबतीत एकच शब्द शोधा, सॉलिड. नुसतं स्प्रूस टॉप (स्प्रूस लाकडाची पुढची फळी) लिहिलेलं असेल तर ते बहुतेक लॅमिनेट असतं, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली फळी, प्लायवूडची चांगली बहीण म्हणा. सॉलिड स्प्रूस टॉप म्हणजे अखंड फळी. साउंडहोलच्या कडेला बघा, वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून तशाच आत उतरताना दिसल्या तर अखंड, कडेला सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. अखंड फळी मोकळेपणाने थरथरते, आवाजात जास्त छटा येतात. पण पहिल्या गिटारसाठी मी सॉलिडचा हट्ट धरत नाही, आणि त्याचं कारण आपली हवा आहे.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आवडते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८० च्या वर असते, आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी २० च्याही खाली जाते. लाकूड ओलावा पिऊन फुगतं, कोरडं पडलं की आक्रसतं. रत्नागिरीत ओळखीच्यांकडे एक गिटार मी मेमध्ये वाजवली होती तेव्हा लोण्यासारखी होती, ऑगस्टमध्ये परत हातात घेतली तर घोडीमागे फळी फुगलेली आणि तारा कार्डभर वर. विदर्भात उलटं होतं, मान आक्रसते आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात, फारच कोरडं झालं तर फळीला चीर जाते. आडव्या-उभ्या थरांच्या लॅमिनेटमध्ये ही हालचाल कमी होते. ज्याला अजून हवा बघून गिटार सांभाळायची सवय नाही त्याच्यासाठी ते चांगलंच आहे. काही दिवस सांभाळायची सवय झाली, कान तयार झाला, मग सॉलिड घ्या, तेव्हा तिच्यातला फरक ऐकूही येईल.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ती भिंत ओलावा धरते. बॅगेत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या. विदर्भात उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, कूलर चालू असताना खोली दमट आणि बंद केला की कोरडी, हे दिवसातून दोनदा होणं लाकडाला फार जड जातं. आणि गाडीच्या डिकीत उन्हात तर अर्धा तासही नको, डिंक सुटतो.

पैशांचं बोलायचं तर सध्या अडीच-तीन हजारांत गिटार मिळते, आणि सोबत बॅग, पट्टा, पिक, जादा तारा असा कॉम्बो. त्या किमतीत उंची, नट, सळई हे सगळं जुळून आलेली एखादी सापडेलही, पण ती हाताळून निवडावी लागेल, ऑनलाइन बॉक्समधून ती येईल याची खात्री नाही. आठ ते बारा हजारांत यामाहा एफ ३१० च्या वर्गातल्या गिटार्स येतात, लॅमिनेट टॉप, चालणारी सळई, एका नगापासून दुसऱ्या नगात फार फरक नाही. माझ्या मते पहिल्या गिटारसाठी हीच जागा बरोबर. सॉलिड टॉप साधारण १५ हजारांच्या पुढे सुरू होतात. बजेट दहा असेल तर दहाची गिटार घेऊ नका, आठ-साडेआठची घ्या आणि उरलेल्यात सेटअप करून घ्या. सेटअप म्हणजे नट, सॅडल, मान हे सगळं तुमच्या हातासाठी जुळवणं, चांगला दुरुस्तीवाला साधारण हजाराच्या आसपास करून देतो, आणि त्यानंतर ती आठ हजारांची गिटार पंधरा हजारांच्या न जुळवलेल्या गिटारपेक्षा जास्त सुखाची असते. मी हे कितीतरी वेळा बघितलंय.

कशासाठी पैसे देऊ नका तेही सांगते. कटअवे, म्हणजे पोटाचा एक कोपरा कापलेला, तो १४ व्या फ्रेटच्या पुढे पोचायला असतो, पहिली दोन वर्षं तुम्ही तिकडे फिरकणार नाही. आत पिकअप (आवाज वायरने स्पीकरला देणारा भाग) आणि बाजूला बटणं असलेली, जिला आपल्याकडे सेमी-अकूस्टिक म्हणतात, ती स्टेजवर वाजवायची असेल तर ठीक, घरी बसून शिकायला त्या बटणांचा उपयोग नाही, आणि त्याच किमतीत बटणं नसलेली घेतली तर लाकडावर जास्त पैसा लागलेला असतो.

कॅपो मात्र नक्की घ्या, आणि तो नुसता चैनीचा नाही, गाणाऱ्याला तर लागणारच. आपण पेटीवर पट्टी सांगतो, काळी एक, काळी चार. गिटारचे सोपे मोकळे कॉर्ड सी, डी, जी, ए या पांढऱ्या पट्ट्यांमधले. तुमचा गळा काळी चारचा असेल तर जी चे आकार धरा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, झाली काळी चार. काळी एक हवी तर सी चे आकार आणि कॅपो पहिल्यावरच. प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची एक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या धरून, बारा फ्रेटमध्ये सप्तक पूर्ण. पेटी ज्यांच्या घरात होती त्यांना हे पाच मिनिटांत कळतं.

तारांच्या पाकिटावर लाइट लिहिलेलं असतं त्याने फसू नका, लाइट म्हणजे बहुधा १२ नंबरचा सेट, नवीन बोटांना तो जडच. एक्स्ट्रा लाइट मागा, १० पासून सुरू होणारा. तोच आकडा पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात. आवाज थोडा कमी भरदार येतो, चालतं. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला तीन-चार आठवडे लागतात, रोज वीस मिनिटं वाजवलं तर. आठवड्यातून एकदा दोन तास वाजवलं तर घट्टे पडत नाहीत, फक्त फोड येतात. टोक दुखणं ठीक आहे, मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर थांबा, ते घट्ट्यांचं दुखणं नाही, एक तर बसण्यात चूक आहे किंवा तारा उंच आहेत.

सेकंड हँडला घाबरू नका. कुणीतरी हौसेने घेतलेली, चार महिने वाजवलेली गिटार निम्म्या किमतीत मिळते. वर सांगितलेलं सगळं बघाच, आणि एक जास्तीचं, घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा घालून बघा. आत सरकला तर घोडी सुटायला लागलीय. आणि ती माणसं का सोडतायत हे विचारा. बोटं फार दुखायची असं म्हणाले तर कार्डं बाहेर काढा, कदाचित गिटार उत्तम असेल आणि फक्त सॅडल घासायची राहिली असेल.

दुकानाबद्दल, मुंबईत धोबी तलावला जाऊन या, फुर्टाडोस तिथे १८६५ पासून चालत आलेलं नाव आहे, आणि आजूबाजूला अजून दुकानं आहेत, एका दुपारी दहा-बारा गिटार्स हातात घेऊन होतात. गोव्यात तर मांडो या कोकणी गाण्यांना व्हायोलिन-घुमटासोबत गिटार असतेच, तिथे ओळखीत वाजवणारं कुणी सापडणं अवघड नाही, त्यांना सोबत न्या. लहान गावात असाल आणि ऑनलाइनच घ्यावी लागणार असेल तर परत करायची मुदत किती आहे ते आधी वाचा, आणि बॉक्स उघडला त्याच दिवशी कार्डं, ७२ सूर, मान, घोडी, सगळं तपासा. आवडली म्हणून आठवडा वाजवत बसलात आणि मग चार कार्डं आत गेली तर मुदत गेलेली असते.

घेतल्याच्या दिवशी एक चिठ्ठी लिहून बॅगेच्या कप्प्यात टाका, तारीख, आणि १२ व्या फ्रेटवर जाड तारेखाली किती कार्डं बसली. जुलैच्या शेवटी परत मोजा, मग मेमध्ये.